पाय वायरवर होता

मुंबईच्या एका नामांकित नटानं आमच्या हॅलोमामांना फसवलं. पैशाची फसवणूक नव्हती. पैशाची असती तर मी त्याच्या बंगल्याच्या फाटकावर बसून वसूल केली असती, तो माझा रोजचा धंदा आहे. त्यानं एका ताठ माणसाला आपल्या भाषणात वाकवून घेतलं, आणि तेव्हापासून तो वाकलेला माणूस देशाचा नमुना म्हणून गावोगाव दाखवत फिरतो आहे. मामा आता नाहीत. मी आहे.

हॅलोमामा माझ्या नात्यातले नव्हते. औरंगपुऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी त्यांचं लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. लग्न, उरूस, जयंती, मोर्चा, कारखान्याचं उद्घाटन, काहीही असो, भोंगे मामांचे आणि मंडप माझा. मी धनगराच्या घरातला. बापाबरोबर मेंढरांच्या बाजाराला जायचो, तिथं सौदा शिकलो. समोरचा काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याची नजर फिरून फिरून कोणत्या मेंढरावर जाते ते बघायचं. एवढी एकच विद्या घेऊन मी या शहरात आलो, बांबू आणि ताडपत्र्या जमवल्या आणि धंदा उभा केला. मला कोणी काही फुकट दिलेलं नाही आणि मीही कोणाला देत नाही.

मामांना हॅलोमामा म्हणायचं कारण त्यांची माईक तपासायची पद्धत. दुसरे माईकवाले एक-दोन-तीन मोजायचे, टिचक्या मारायचे, फुंकर घालायचे. मामा माईक हातात घ्यायचे, गळा साफ करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "हॅलो. मी बोलतोय." बस. मग थांबायचे. आता सगळ्या शहरानं हातातलं काम सोडून ऐकावं, असं ते थांबणं असायचं. आणि लोक खरंच मान वळवायचे. आवाजच तसा होता, जाड, सावकाश, कोणाची परवानगी न मागणारा.

स्वतःबद्दल मामांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही. "या शहरात माझ्याबिगर कोणाचा आवाज धा फुटाच्या पुढं जात नाय," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. "मंत्री असो नायतर महाराज, माझ्याच वायरीतून जातो." अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि लोक खिशाला पेन लावतात तिथं टेस्टर. कुठल्याही कार्यक्रमाला त्यांची माझ्याकडं एकच मागणी असायची: प्रमुख पाहुण्याला जी गादीची खुर्ची, तीच मशीनपाशी त्यांना. मी सुरुवातीला कटकट केली.

"मामा, गादीच्या खुर्च्या मोजक्या आहेत. स्टूल घ्या की."

"तो बोलणार, मी ऐकवणार," मामा म्हणाले. "अर्धं अर्धं काम हाय. खुर्ची सारखीच लागंल."

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले. या एका सौद्यात मी पहिल्या दिवशी हरलो आणि नंतर कधी विषय काढला नाही.

अँप्लिफायरच्या आवाजाच्या बटणाला ते 'कान' म्हणायचे. भाषण चालू असताना त्यांची दोन बोटं कायम त्या कानावर. बोलणारा प्रामाणिक वाटला की आवाज थोडा वर. थापा सुरू झाल्या की थोडा खाली. पूर्ण बंद कधीच नाही. "बंद करणं गुन्हा हाय," ते म्हणायचे. "कान पिळणं शिस्त हाय." भाषणवाल्याला कळायचं नाही. त्याला वाटायचं, आपलाच घसा बसला. एका पुढाऱ्यानं मामांच्या मशीनपाशी येऊन खडीसाखर मागितलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

ती वर्षं वाळूजची होती. शहराबाहेरच्या त्या माळरानावर एकामागून एक कारखाने उठत होते, शिफ्टच्या बसगाड्या धूळ उडवत जात होत्या, आणि प्रत्येक मालकाला उद्घाटनाला मुंबईचा कोणीतरी मोठा माणूस हवा असायचा. नट यायचे, गायक यायचे, क्रिकेटवाले यायचे. फीत कापून झाली की यंत्रांबद्दल बोलायला त्यांच्याकडं काही नसायचं, म्हणून ते देशाबद्दल बोलायचे. पाहुणा जितका मोठा, तितका त्याला देश लहान दिसायचा. एका वाक्यात मावायचा. कोणी म्हणे भारतीय माणूस आळशी, कोणी म्हणे सोशिक, कोणी म्हणे भावनाप्रधान. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत: आपण भारतीय लोक नम्र. त्यात मराठी माणूस जास्त नम्र, आणि मराठवाड्याचा तर विचारूच नका. हे सांगणारा पाहुणा दहा मिनिटांपूर्वी ओळख करून देणाऱ्याला मध्येच थांबवून आपला राहून गेलेला एक पुरस्कार सांगून आलेला असायचा.

असं वाक्य आलं की मामा कान थोडा पिळायचे आणि माझ्याकडं वळायचे.

"नम्र म्हणे. कोण? नाव सांग म्हणावं."

ही त्यांची जन्माची सवय. कोणी 'लोक असे असतात' म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न: नाव सांगा. एका क्रिकेटवाल्याच्या भाषणात तर त्यांनी तिथल्या तिथं मोजणीच लावली.

"तू मराठी. तू नम्र हायेस का?"

"मी?" मी म्हणालो. "मामा, सकाळीच दोघांना शिव्या घालून आलोय."

"एक गेला. मी बी नाय. दोन गेले." मग ते जनरेटरपाशी बसलेल्या चाचांकडं वळले. हे चाचा आमच्या दोघांच्याही कामाला जनरेटर पुरवायचे. "चाचा, आपके घर में नम्र कौन है?"

चाचांनी विडी विझवली, विचार केला. "एकीच है. वो बी बकरी है."

"तीन घरं झाली," मामा मला म्हणाले, "आन् हाती एक बकरी लागली. याला येवढे कुठं भेटले कुणास ठाऊक."

हे हसण्यावारी जायचं. पण मामांच्या ताठपणाला एक दुसरी बाजू होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वाळूजला कारखाने उठत होते त्याच वर्षांत शहरात विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटलेला होता. मामा त्या लढ्याच्या बाजूचे, त्याच वस्तीतले, त्याच माणसांतले. त्यांच्या धाकट्या बहिणीचं गावातलं घर त्या दिवसांत विरोधकांनी जाळलं होतं. ती पोरंबाळं घेऊन उस्मानपुऱ्यात मामांकडं आली ती तिथंच राहिली. तिला सगळे आक्का म्हणायचे. नामांतराची सभा असो की मोर्चा, भोंगे मामांचेच. इतर माईकवाले सामान अडकेल म्हणून नकार द्यायचे. मामांची मशीन दोनदा पोलिसांनी उचलून नेली, दोनदा ते ठाण्यावर जाऊन, साहेबासमोर खुर्ची ओढून बसून ती परत घेऊन आले. मोर्च्यातली माणसं सांगायची, "हॅलो, मी बोलतोय" हे ऐकलं की पाय उचलतात.

आता नटाकडं येतो.

एका मोठ्या कारखान्याच्या उद्घाटनाला तो आला. मंडप माझा, माईक मामांचा. नट देखणा, आवाज कमावलेला, नुकताच परदेशात जाऊन आलेला. "तिकडे मला लोक विचारतात," तो म्हणाला, "तुमच्या देशाचं रहस्य काय? मी एकच शब्द सांगतो. नम्रता." हे सांगता सांगता तो रंगात येऊन स्टँडवरचा माईक काढून हातात घेऊन पुढं आला, आणि त्याचा बूट बरोबर वायरीच्या जोडावर पडला. भोंग्यांतून खरखर सुरू झाली. मामांनी खालून हात केला, त्यानं पाहिलं नाही. खरखर वाढली. मामा खुर्चीतून उठले, मंचावर चढले, नटासमोर उकिडवे बसले आणि त्याच्या बुटाला दोन बोटांनी टकटक केलं. पाय उचला, एवढाच त्याचा अर्थ.

नटानं खाली पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मामांच्या डोक्यावर हात ठेवला, दोन्ही खांदे धरून त्यांना उठवलं, आणि उठवताना त्याचा पाय आपोआप बाजूला झाला, म्हणून पुढचं वाक्य साऱ्या मैदानाला स्वच्छ ऐकू गेलं.

"बघा. मी बोललो आणि साक्ष चालत आली. ही आपली माती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला. मामा काहीतरी बोलत होते, पण माईक नटाच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. बूट स्पष्ट, मामांचा हात स्पष्ट, वायर कुठंच नाही. खाली ओळ: 'मातीतला नम्र माणूस.'

मी तो पेपर घेऊन उस्मानपुऱ्यात गेलो तेव्हा तो माझ्याआधी पोचला होता. मामा ओट्यावर बसले होते. आक्का दारात उभी होती.

"दादा," आक्का म्हणाली, "माझं घर जळालं. तरी मी कुणाच्या पाया पडले नाय. आन् तू सिनेमावाल्याच्या?"

"वायर होती गं," मामा म्हणाले.

"फोटोत नाय."

त्याच आठवड्यात नामांतर समितीची तीन-चार तरुण पोरं आली. त्यांनी पुढच्या सभेला माईक दुसऱ्याकडून आणायचं ठरवलं होतं. त्यातला एक जण नजर चुकवून म्हणाला, "मामा, वाईट वाटून घेऊ नका. पण ज्याच्या फोटोवर लोक हसतात, त्याचा माईक मोर्च्याला कसा लावणार?"

मामांनी त्यांना चहा पाजला. वाद घातला नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. भल्याभल्यांचा कान पिळणारा माणूस एका वायरीपायी गप्प बसला. मी पेपरच्या कचेरीत जाऊन आदळआपट केली. तिथला माणूस चष्मा काढून मला म्हणाला, "फोटो खोटा आहे का?"

"फोटो खरा आहे. खालची ओळ खोटी आहे."

"ओळ भावनेची आहे," तो म्हणाला. "भावनेचा खुलासा छापत नाहीत."

तिकडं नटाला मात्र घबाड मिळालं. तो प्रत्येक भाषणात, प्रत्येक मुलाखतीत ती गोष्ट सांगू लागला आणि दर खेपेला ती वाढवू लागला. आधी मामा नुसते वाकले होते. मग त्यांनी पाय धरले. मग ते म्हातारे झाले. खरं तर तेव्हा मामांचं पोट सुटायला नुकती सुरुवात झाली होती. शेवटी मामा बोलायलाही लागले: "साहेब, मी फार छोटा माणूस आहे." हे वाक्य मामांच्या तोंडून आलं असतं तर मी माझे सगळे मंडप पेटवून दिले असते.

मी वाट पाहिली. बाजारात घाई करणारा मार खातो. दोन-तीन वर्षांनी औरंगपुऱ्यातल्या एका व्यापारी मंडळानं त्याच नटाला मैदानावर व्याख्यानाला बोलावलं. विषय होता भारतीय माणसाचा स्वभाव. मंडळाचे सेक्रेटरी मंडपाचा भाव करायला माझ्याकडं आले. कापडाचे व्यापारी होते, भावात मुरलेले. मी चढा भाव सांगितला. त्यांनी निम्मा सांगितला आणि भांडणाच्या तयारीनं मांडी घातली.

"चालेल," मी म्हणालो.

ते घाबरले. "चालेल म्हणजे?"

"तुमचा भाव मंजूर. अट एक. माईक हॅलोमामांचा. आणि मंचावरच्या माईकखेरीज एक जादा माईक मशीनपाशी राहील."

"तो कशाला?"

"एक बिघडला तर. तुमच्या पाहुण्याचा आवाज मध्येच गेला तर नाक कोणाचं कापलं जाईल?"

त्यांची नजर मी बघत होतो. ती निम्म्या भावावरून हलायला तयार नव्हती. सौदा झाला.

मामांना सांगितलं तर ते आधी नकोच म्हणाले. मग टेस्टर खिशातून काढला, परत ठेवला. "वायर मी माझ्या हातानं टाकीन," एवढंच म्हणाले. मी समितीच्या पोरांना स्वतः जाऊन बोलावून आणलं आणि पुढच्या रांगेच्या बाजूला बसवलं. आक्कालाही आणलं. तिला म्हटलं, "आक्का, आज फोटोतली वायर बघायला या."

मैदान खच्चून भरलं होतं. नट थोडा जाड झाला होता, आवाज तसाच. राष्ट्रीय स्वभावावर त्यानं पंधरावीस मिनिटं घेतली. इंग्रज असे, जपानी तसे, आपण नम्र. मग माईक हातात घेऊन पुढं आला. मला ठाऊकच होतं. आता गोष्ट येणार.

"याच शहरात," तो म्हणाला, "एक म्हातारा गरीब माईकवाला..."

मी मामांकडं पाहिलं. मला वाटलं, आता कान पिळतील. मामांनी बटण धरलं आणि आवाज पूर्ण वर नेला. भोंगे गर्जायला लागले. पाय धरले, डोळे पुसले, 'मी फार छोटा माणूस आहे', सगळं सगळं त्या मैदानाच्या बाहेर, औरंगपुऱ्याच्या गच्च्यांवर, पलीकडच्या रस्त्यावर ऐकू गेलं. इतक्या मोठ्यानं खोटं बोलायची संधी त्या माणसाला पुन्हा कधी मिळाली नसेल. टाळ्या पडल्या. मामांनी त्या संपू दिल्या. मग गादीच्या खुर्चीतून न उठता त्यांनी दुसरा माईक उचलला आणि गळा साफ केला.

"हॅलो. मी बोलतोय."

सगळं मैदान वळलं. तो आवाज ओळखत नाही असा माणूस तिथं एकच होता, मंचावरचा.

"साहेब, तो माईकवाला मीच. म्हातारा नाय आन् छोटा बी नाय. त्या दिवशी तुमचा पाय माझ्या वायरीवर होता. खरखर होत होती. म्हणून बुटावर टकटक केलं. पाय उचला म्हणत होतो."

कुठंतरी हसू फुटलं. नट सराईत होता, त्यानं हात जोडले. "किती हा विनय," तो म्हणाला, आणि नेमकी खरखर सुरू झाली.

"खाली बघा, साहेब," मामा म्हणाले. "आजबी हाय."

खरंच होता. मामांनी वायर कुठं टाकली होती ते त्यांना ठाऊक; टाळ्या घ्यायला मोठा माणूस मंचाच्या कोणत्या कडेला येतो हे त्यांनी आयुष्यभर खुर्चीतून पाहिलं होतं. नटानं नुसता पाय उचलला. वायर बुटाच्या टाचेत अडकून बरोबर आली. मैदान खदखदायला लागलं. मंडळाचा एक माणूस मंचाकडं धावला, त्याला मामांनी भोंग्यातूनच थांबवलं.

"तुम्ही नका वाकू. मी बी येत नाय. त्यांचा पाय हाय, त्यांना वाकू द्या."

नट थांबला. हजार माणसांसमोर एका पायावर. मग तो वाकला, उकिडवा बसला, आणि टाचेतून वायर सोडवू लागला. फ्लॅश उडाला. चाचा जनरेटरपासून ओरडले, "अब हुए दो. एक बकरी, एक ये." लोक खुर्च्यांवर उभे राहिले, माझ्या खुर्च्या, पण त्या दिवशी मी कोणाला उतर म्हटलं नाही. समितीची पोरं बाकं बडवत होती. आक्का हसत नव्हती. ती उठली, मामांच्या मशीनपाशी गेली आणि त्यांच्या खुर्चीमागं हात ठेवून उभी राहिली, भाषण संपेपर्यंत.

समितीची पुढची सभा मामांच्याच माईकवर झाली. त्यापुढचे सगळे मोर्चेही. आणि विद्यापीठाला नाव मिळालं त्या दिवशी उस्मानपुऱ्यात बातमी लोकांनी रेडिओवर ऐकली असेल, पण खरी मानली ती मामांच्या भोंग्यांवरून. "हॅलो. मी बोलतोय," म्हणून ते थांबले. एरवीपेक्षा जास्त थांबले. मग त्यांनी ते नाव सगळं, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून घेतलं, आणि माईक खाली ठेवला. खाली नाचणाऱ्या पोरांत मी होतो. धापा टाकत त्यांच्यापाशी गेलो तर त्यांनी मला विचारलं, "आवाज कुठवर गेला असंल रे?"

"लई लांब, मामा."

"व्हय," ते म्हणाले. "जाणारच. मशीन कुणाची."

राहिली गोष्ट दुसऱ्या फोटोची. नट वायर सोडवतानाचा फोटो पेपरात आला. वायर स्पष्ट दिसत होती. खाली ओळ होती: 'थोर कलावंताचा विनय.' मी ती वाचली आणि चहाचा कप भिंतीवर मारला. मामा वाकले तर तो देशाचा स्वभाव. नट वाकला तर तो नटाचा मोठेपणा. आमचं वाकणं सगळ्यांच्या खात्यावर, त्याचं वाकणं फक्त त्याच्या. मामांनी मात्र तो फोटो चौकटीत बसवला, पेपरातली ओळ कापून टाकली आणि तिथं रंगानं आपली ओळ लिहिली: 'पाय वायरवर होता.' दुकान चालू होतं तोवर ती चौकट मशीनच्या वर होती. गिऱ्हाइकानं विचारलं की मामा अख्खी गोष्ट सांगायचे, आणि ती दर खेपेला एक अक्षरही वाढायची नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. चौकट आक्कानं मला दिली. माझं आज मंगल कार्यालय आहे, तिथं ती ऑफिसात लावली आहे. परवा त्याच ऑफिसात टीव्ही चालू होता. नट आता खरोखरच म्हातारा झाला आहे. त्याला कसलासा जीवनगौरव मिळाला होता आणि मुलाखत घेणारी मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. "मराठवाड्यात एक गरीब माईकवाला," तो सांगत होता, "त्यानं माझे पाय धरले. पुढे एकदा मीही त्याच्यासाठी वाकलो. आपण भारतीय असेच, नम्र." मुलीनं विचारलं, त्यांचं नाव काय? नट हसला. "अशा माणसांना नाव नसतं," तो म्हणाला.

या लिखाणात मीही मामांचं खरं नाव घातलेलं नाही. विसरलो म्हणून नाही. ते मला त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं आहे. ज्या शहरानं एका नावासाठी इतकी वर्षं मार खाल्ला, त्या शहरातल्या माणसाला नाव नसतं म्हणता?

साहेब, तुम्ही या. कार्यालय मी देतो, भाडं नको. उभ्या आयुष्यात हे मी पहिल्यांदा म्हणतो आहे, माझे लोक साक्ष देतील. गादीच्या दोन खुर्च्या ठेवीन, एक तुमची आणि एक मशीनपाशी रिकामी. वायर मी टाकीन. त्या दिवशी नेमका कोण वाकला होता, कशासाठी, आणि नम्र कोण, ते माईकवर सांगा. देशाचं नको. एका माणसाचं. नाव घेऊन सांगा.